'इरकली' आली कुठून?

प्रश्न असा आला आहे की, आजी ज्याला 'इरकली लुगडं' म्हणायची त्यातल्या 'इरकली'चा विरण्याशी काही संबंध आहे का? तर्क अगदीच टाकाऊ नाही. विचाराचा 'इचार' आणि विळ्याचा 'इळा' करणाऱ्या बोलीत विरलेलं कापड 'इरलेलं'च होतं. पण मग मधला 'क' कुठला? आणि विरलेलं लुगडं कौतुकाने मिरवणार कोण?

इरकली हे गावावरून पडलेलं विशेषण आहे. गाव इलकल, कर्नाटकात, आता बागलकोट जिल्ह्यात. कन्नडमध्ये 'इळकल' असंही लिहितात. कन्नड 'कल्लु' म्हणजे दगड, आणि तिथला लालसर ग्रॅनाइट प्रसिद्धच आहे. मराठी जिभेला एका शब्दातले दोन 'ल' जड गेले असावेत, पहिल्याचा 'र' झाला. संस्कृत 'लांगल'चा आपण 'नांगर' केला, तिथे तर दोन्ही 'ल' गेले. इलकलचं इरकल झालं आणि कोल्हापूरचं कोल्हापुरी तसं इरकलचं इरकली.

खरी गंमत पुढे आहे. 'पैठण नेसली' असं कुणी म्हणत नाही, पैठणीच नेसावी लागते. 'इरकल नेसली' मात्र बिनदिक्कत चालतं! माझ्या मते कारण साधं आहे. पैठण हे गाव आपल्याला ठाऊक, त्या नावाची जागा अडलेली. इरकल नावाचं गाव कुणाच्या डोळ्यांसमोर नाही, म्हणून नाव कापडालाच चिकटलं. तसा हा मुलूख परका नव्हता. इलकल तेव्हा विजापूर जिल्ह्यात होतं आणि तो जिल्हा 1956 पर्यंत मुंबई राज्यात. सोलापूर-कोल्हापूरकडे ही लुगडी घरोघरी होती.

आजीचं लुगडं अजून पेटीत असेल तर पदर उलटा करून बघा. अंगाचे उभे धागे सुती, पदराचे लाल, रेशमी किंवा तसेच चकाकणारे, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे एकेका धाग्याच्या फासात दुसऱ्याचा फास अडकवलेला दिसेल. याला टोप पदर म्हणतात. पदरावर पांढऱ्यात कणसं, कंगव्याचे दाते.

हल्ली दुकानांत 'इलकल साडी' अशी सुधारलेली पाटी दिसते. लुगड्याबद्दल लिहिताना खुशाल इरकलच लिहा. एसटीचं तिकीट काढताना मात्र इलकल म्हणा.