शब्दचर्चा: स्टॉकमधली गाडी

प्रश्न असा आला आहे. अमेरिकेतल्या मोटारशर्यतींवरचा एक लेख मराठीत आणताना एका वाचक ताईंना एक वाक्य अडलं. स्टॉक कार शर्यती पुन्हा 'प्रॉडक्शन-बेस्ड' व्हाव्यात यासाठी काही नियमबदल सुचवले जात आहेत, असा त्या वाक्याचा आशय. संगणकाने त्याचं मराठी करून दिलं ते असं: 'साठा गाडी शर्यती अधिक उत्पादन-आधारित करण्यासाठी प्रस्तावित नियम.' ताई विचारतात, हे चालेल का? आणि नसेल चालत, तर काय लिहावं?

चालणार नाही. पण का चालणार नाही हे बघण्यात मजा आहे, म्हणून थोडं लांबून सांगतो.

'स्टॉक' आपल्याला परका नाही. वाण्याकडे 'स्टॉक संपला' असतो, साडीच्या दुकानात 'जुना स्टॉक' असतो, आणि शेअरबाजार तर आहेच. अमेरिकन विक्रेत्याच्या आवारात गिऱ्हाइकासाठी उभ्या असलेल्या गाड्या म्हणजे त्याचा स्टॉक, आणि त्यातलीच एक उचलून शर्यतीत उतरवली की ती स्टॉक कार. शाळेत शिकलेला मध्यमपदलोपी समास आठवा. पुरणपोळी म्हणजे पुरण भरून केलेली पोळी. 'भरून केलेली' हे मधलं पद आपण गिळतो. तसंच इथे 'स्टॉकमधून उचललेली' यातलं 'मधून उचललेली' इंग्रजीने गिळलं आहे. 'साठा गाडी' वाचणारा मराठी माणूस त्या रिकाम्या जागी भलतंच पद भरतो: साठा वाहून नेणारी गाडी. त्याच्या डोळ्यांपुढे गोदामाबाहेर लावलेला टेम्पो येतो. गंमत म्हणजे अमेरिकन रेल्वेत 'स्टॉक कार' हा शब्द गुरं वाहून नेणाऱ्या डब्यालाच आहे, त्यामुळे संगणकाची चूक अगदीच निराधार नाही. फक्त रूळ चुकले.

मधली-खालची असे प्रत्यय मराठीत इतके स्वस्त आहेत की 'स्टॉकमधली गाडी' म्हटलं तरी निम्मा अर्थ उलगडतो. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे आपल्या गॅरेजांनी हा शब्द केव्हाच आपलासा केला आहे. जुनी बुलेट विकत घ्यायला जा, पहिले प्रश्न असतात, 'सायलेन्सर स्टॉक आहे की बदललाय?' 'हँडल कंपनीचंच ना?' इथे स्टॉक म्हणजे साठा नव्हे. कारखान्यातून जसं निघालं तसं, हात न लावलेलं. याच अर्थाने 'कंपनी फिटेड', 'कंपनीचं', 'ओरिजिनल' हेही चालतात. आपल्याकडे तर हा नुसत्या हौसेचा मामला नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितलं. म्हणजे रस्त्यावरच्या आपल्या सगळ्या गाड्या कायद्याने स्टॉक. 'स्टॉक कार' म्हणवणाऱ्या शर्यतीच्या गाड्या तेवढ्या तशा नाहीत. ताईंच्या वाक्यातली खरी मेख इथेच आहे.

सुरुवातीला त्या तशा होत्या. बिल फ्रान्स यांनी डेटोना बीचच्या एका हॉटेलात डिसेंबर 1947 मध्ये शर्यतवाल्यांना जमवलं आणि 1948 मध्ये नॅसकार (नॅशनल असोसिएशन फॉर स्टॉक कार ऑटो रेसिंग) ही संस्था उभी राहिली. या नावातच 'स्टॉक कार' दडलेली आहे. पुढच्या वर्षी त्यांनी जी गाड्यांची वर्गवारी काढली तिचं नाव होतं 'स्ट्रिक्टली स्टॉक'. याला मराठीत मी 'निव्वळ कंपनीची' म्हणेन. 19 जून 1949 रोजी शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर त्या वर्गाची पहिली शर्यत झाली. ली पेटी नावाचे गृहस्थ मित्राची ब्यूक मागून घेऊन आले आणि त्यांनी ती तिथे उलटवली. ग्लेन डनअवे यांची 1947 ची फोर्ड सगळ्यांच्या पुढे आली, पण तपासणीत तिच्या मागच्या स्प्रिंगांशी छेडछाड केलेली निघाली. त्यांना बाद करून लिंकनवाल्या जिम रोपर यांना विजेते ठरवलं गेलं. फोर्डचे मालक कोर्टात गेले आणि हरले.

ती छेडछाड कशासाठी होती? हातभट्टीच्या दारूचा माल भरल्यावर गाडीची मागची बाजू बसू नये आणि वळणावर ती डगमगू नये म्हणून. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगराळ भागात अबकारी अधिकाऱ्यांना गुंगारा देत रात्रीबेरात्री दारू पोचवणारे चालक आणि त्यांच्या गाड्या ही या खेळाची एक ठळक मूळशाखा. आता 'उत्पादन-आधारित' हा शब्द पुन्हा वाचा. महाराष्ट्रात 'उत्पादन' आणि गाडी एकत्र आली की आधी आठवतं ते राज्य उत्पादन शुल्क खातं, म्हणजे दारूच्या गाड्या पकडणारे. संगणकाने नकळत या खेळाचा सगळा पूर्वेतिहास एका विशेषणात कोंबला, हे मान्य करायला हवं. ताईंच्या वाक्यात मात्र तो अर्थ नको आहे.

पुढे शब्द जागच्या जागी राहिला आणि गाडी निघून गेली. ही घसरण एका दिवसात झाली नाही, आणि तिच्यात नियमांचाच हात आहे. कारखान्यांना जिंकायचं होतं, कारण रविवारी ट्रॅकवर जिंकलेली गाडी सोमवारी दुकानात खपते असा त्यांचा हिशेब होता. नॅसकार म्हणे, जे शर्यतीत आणाल ते आधी लोकांना विका. 1964 मध्ये क्रायस्लरने हेमी इंजिन आणलं आणि रिचर्ड पेटी (वर ब्यूक उलटवणाऱ्या ली यांचे चिरंजीव) डेटोना 500 ही नॅसकारची मानाची शर्यत जिंकले. पण ते इंजिन सामान्य गिऱ्हाइकाला मिळत नव्हतं, म्हणून 1965 साठी ते नियमांबाहेर गेलं. क्रायस्लरने बहिष्कार टाकला, आणि 1966 मध्ये तेच इंजिन थोडं माणसाळवून दुकानातल्या गाड्यांत आणलं. मग क्रायस्लरच्याच दोन गाड्या, 1969 ची डॉज चार्जर डेटोना आणि 1970 ची प्लिमथ सुपरबर्ड: लांब टोकदार नाक आणि मागे माणसाच्या कमरेपेक्षा उंच पंख. डॉजच्या वेळी निदान 500 गाड्या बनवल्या की भागत होतं. सुपरबर्डच्या वेळी अट कडक झाली आणि जवळजवळ दोन हजार बनवाव्या लागल्या. त्या खपेनात. काही विक्रेत्यांनी तर नाक आणि पंख काढून साधी गाडी म्हणून त्या विकल्याचं सांगतात. शर्यतीसाठी जन्मलेली गाडी विक्रेत्याच्या आवारात पडून राहिली, म्हणजे शब्दशः स्टॉकमध्ये! या सगळ्या इतिहासात इतकी अस्सल 'स्टॉक' कार दुसरी झाली नसेल.

त्यानंतर उतार सरळ आहे. नळ्यांचा खास बांधलेला सांगाडा, वर पत्र्याचं कवच. 2007 मध्ये आलेल्या 'कार ऑफ टुमॉरो'त सगळ्या कंपन्यांचं कवच जवळजवळ एकाच साच्याचं झालं, आणि फोर्ड कोणती, शेवरोले कोणती हे समजायला समोरचे स्टिकर बघावे लागत. हेडलाइटसुद्धा स्टिकरचेच. 2001 मध्ये नामवंत चालक डेल अर्नहार्ट डेटोनात शर्यतीतल्या अपघातात दगावले, त्यानंतर सुरक्षेचा विचार प्रधान झाला होता, त्यामुळे त्या गाडीला नुसतं हिणवून चालत नाही. 2013 मध्ये चेहरे परत वेगळे झाले. 2022 पासूनच्या गाडीला 18 इंची चाकं आणि मागे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, म्हणजे काही बाबतींत ती रस्त्यावरच्या गाडीजवळ सरकली. तरीही शर्यतीतल्या केमरीत आठ सिलिंडरचं इंजिन मागची चाकं फिरवतं, आणि दुकानातली 2025 ची केमरी चार सिलिंडरची हायब्रिड आहे. त्याहून मजा शेवरोलेची. कमॅरोचं उत्पादन डिसेंबर 2023 मध्ये थांबलं, आणि 2024 मध्येही ती नॅसकारमध्ये धावत होती. जी स्टॉकमध्ये उरलीच नाही, ती स्टॉक कार.

आपल्याकडच्या बैलगाडा शर्यती बघणाऱ्याला यात फारसं नवल वाटणार नाही. शर्यतीचा छकडा शेतातून उसाच्या मोळ्या आणत नाही. तो हलका, शर्यतीपुरताच बांधलेला. तरी त्याला कोणी 'निव्वळ शेतीची गाडी' म्हणत नाही, त्यामुळे आपली अडचण होत नाही. नॅसकारची होते, कारण तिने नावातच वचन देऊन ठेवलं आहे.

नियमबदल सुचवणाऱ्यांचं म्हणणं या वचनाकडे बोट दाखवणारं असतं. कोणी म्हणतं, सांगाडा कारखान्यातून निघालेल्या गाडीचाच घ्या आणि आत सुरक्षेचा पिंजरा जोडा. कोणी म्हणतं, निदान इंजिनाचा ब्लॉक तरी विक्रीतल्या गाडीचा असू द्या. कोणी जुनी किमान संख्येची अट परत मागतं. विरोधकांचा मुद्दाही हलका नाही: अमेरिकन कारखानेच सेडान बंद करत सुटले आहेत, मग बेतायचं कशावर?

बेतायचं. हाच तो शब्द, ज्याच्यासाठी एवढं पुराण सांगितलं. शिंपी कापड अंगाच्या मापाने बेततो, चित्रपट कादंबरीवर बेतलेला असतो. 'आधारित'पेक्षा 'बेतलेला' मला जास्त प्रामाणिक वाटतो, कारण बेतताना काटछाट होते हे त्यात गृहीत आहे. कादंबरीवर बेतलेल्या चित्रपटात नायिकेचं गावही बदललेलं असू शकतं, तसंच गाडीवर बेतलेल्या गाडीत चाकंसुद्धा वेगळी असू शकतात. कितपत काटछाट चालेल यावरच तर त्या प्रस्तावांचं भांडण आहे. फक्त 'जिवावर बेतणे' हा वाक्प्रचार शेजारी येऊ देऊ नका. मोटारशर्यतीच्या लेखात तो नको तिथे खरा वाटतो.

आणि 'प्रॉडक्शन'चं काय? ते तसंच ठेवायचा मोह टाळा. मुंबईत 'प्रॉडक्शनची गाडी' म्हणजे पहाटे कलाकाराला शूटिंगला न्यायला येणारी गाडी. 'उत्पादन'ही नको, शर्यतीची गाडीही शेवटी कुठेतरी उत्पादितच होते. इंग्रजी शब्दाचा इथला रोख विक्रीवर आहे: पैसे टाकून तुम्हाआम्हाला मिळते ती. म्हणून 'विक्रीतली', 'दुकानातली' किंवा 'शोरूममधली'. 'बाजारातली' चालेल, 'बाजारी' मात्र नको, त्याला वेगळा वास आहे.

लेखात पुढे 'होमोलोगेशन' येणारच, म्हणून तेही आत्ताच. एखादं मॉडेल ठरलेल्या अटींत बसतं यावर संस्थेचा शिक्का म्हणजे होमोलोगेशन. पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या संस्थेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी हेच काम चालतं, आणि चाकण-पिंपरीकडचे अभियंते 'होमोलोगेशन झालं का?' असंच विचारतात. ग्रीकमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ 'एकच बोलणे', म्हणजे आपल्या 'एकवाक्यता'चा सख्खा भाऊ. कानाला फार गोड आहे, पण 'गाडीची एकवाक्यता झाली' असं लिहिलंत तर अभियंता आणि वाचक दोघेही हसतील. पहिल्यांदा 'शर्यतीसाठी मान्यता' लिहा, मग होमोलोगेशन चालू द्या.

खेळाचं नाव म्हणून 'स्टॉक कार' मी बदलणार नाही. ते आता विशेषनामासारखं झालं आहे, आणि त्यातला विरोधाभास मराठी वाचकालाही दिसू द्यावा. पहिल्या उल्लेखाला एक वाक्य जोडा: 'स्टॉक कार, म्हणजे मुळात विक्रेत्याकडून जशीच्या तशी उचललेली गाडी.' त्या 'मुळात'वर जोर राहू द्या. आणि अडलेलं वाक्य मी असं लिहीन: 'स्टॉक कार शर्यतींतल्या गाड्या पुन्हा शोरूममधल्या गाड्यांवर बेतलेल्या असाव्यात, यासाठी नियम बदलण्याच्या सूचना पुढे आल्या आहेत.' त्यातला 'पुन्हा' संपादकाने जागा वाचवायला काढला, तर भांडा.