पळणाऱ्यांचे प्रश्न : जानेवारीची तयारी सप्टेंबरात

प्रश्न : वय ३८. मागच्या वर्षी हाफ मॅरेथॉन २ तास १५ मिनिटांत केली. येत्या जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन (४२ किमी) पळायची आहे. सकाळची लोकल गाठायची असते, त्यामुळे आठवड्यातले तीनच दिवस हाताशी आहेत. जमेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : जमेल, मात्र सुरुवात आत्ता करावी लागेल. शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून १८ आठवडे मागे मोजलं की सप्टेंबरचा मध्य येतो. मंगळवारी ८ किमी सावकाश. गुरुवारी ९-१० किमी, त्यातली मधली २० ते ३० मिनिटं जरा दम लागेल अशी. रविवारी लांब पल्ला.

रविवारचे आकडे असे ठेवा : १४, १६, १८ आणि मग १२, २०, २२, २४ आणि मग १६, २४, २६, २८ आणि मग २०, पुढे ३०, २२, ३२, २०, १२ आणि अठराव्या रविवारी शर्यत. मधला कमी अंतराचा आठवडा अनेकांना आळशीपणा वाटतो आणि ते तो गाळतात. स्नायूंपेक्षा हाडं आणि स्नायुबंध सावकाश तयार होतात, त्यांना तो आठवडा हवा असतो. ३२ किमीचा रविवार डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येतो. त्यानंतर वाढवलेल्या अंतराचा शर्यतीत उपयोग नाही, थकवा तेवढा उरतो.

आता वेग. तुमच्या हाफवरून फुलचा अंदाज ४ तास ४५ मिनिटं ते ५ तास, म्हणजे किलोमीटरला साधारण पावणेसात ते सात मिनिटं. रविवारी मात्र पावणेआठ-आठ मिनिटांनीच पळा. ऑक्टोबरात त्याहूनही हळू. आपल्याकडच्या दमट हवेत घाम गळतो पण वाळत नाही. घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही आणि त्याच वेगाला नाडी जास्त पडते. घड्याळापेक्षा एक साधी कसोटी लावा : डोंबिवली, कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे ही स्टेशनं पळता पळता एका दमात म्हणता आली पाहिजेत. मुंब्र्यालाच धाप लागली तर वेग कमी करा. तयारीत बिघडणाऱ्यांपैकी बहुतेक जण कमी पळाल्यामुळे नव्हे, तर सावकाशीचा दिवस जोरात पळाल्यामुळे बिघडतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : शिवाजी पार्कला रोज आठ-दहा फेऱ्या मारते. पाच किमीनंतर उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला टोचतं. चालायला लागले की थांबतं, जिना उतरताना परत दुखतं. बूट बदलू का?
— एक वाचक, दादर

उत्तर : बूट ५०० ते ८०० किमी झाले असतील तर बदलाच, पण दुखण्याचं मूळ बहुधा कमरेत आहे. तुम्ही लिहिलेली लक्षणं मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत जाणाऱ्या आयटी बँडच्या त्रासाची वाटतात. आरशासमोर १५ सेंटिमीटरच्या पाटावर उजव्या पायावर उभं राहा आणि डावी टाच हळूच जमिनीला टेकवा. उजवा गुडघा आतल्या बाजूला झुकतो का, ते पाहा. झुकला, तर नितंबाच्या बाजूचा स्नायू कच्चा आहे.

उपाय : हेच पाटावरून उतरणं १० वेळा, तीन फेऱ्या. शिवाय कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं १५ वेळा, तीन फेऱ्या. दोन्ही आठवड्यातून तीनदा. सहा आठवड्यांआधी फरकाची घाई करू नका. तोवर एक दिवसाआड ३-४ किमी, दुखणं सुरू होण्याआधीच थांबायचं. कट्ट्याची फेरी १.१७ किमीची आहे. दहा फेऱ्या एकाच दिशेने मारल्या, तर एकच पाय सतत वळणाच्या बाहेरच्या बाजूला राहतो. दिशा बदलत जा, समोरून येणारे आजोबा कितीही रागाने बघोत. गुडघा सुजला किंवा रात्री ठणकू लागला तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : वय ५१, हाफ पळणार आहे. एनर्जी जेल (पळताना घ्यायचं साखरेचं घट्ट मिश्रण) घेतलं की मळमळतं. पाणी किती प्यावं?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : जेल कशाबरोबर घेता? एनर्जी ड्रिंकबरोबर घेतलं, तर साखरेवर साखर पडते आणि पोट ती पुढे ढकलत नाही. जेल साध्या पाण्याबरोबरच घ्यायचं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात. एका जेलमध्ये २०-२५ ग्रॅम असतात, एका मध्यम केळ्यातही जवळपास तेवढीच. तेव्हा जेलचा हट्ट नाही, पण जे खाणार ते आधी चार रविवार खाऊन बघा. धावण्याआधी दोन तास ब्रेड-जॅम किंवा साधा उपमा. कांदेपोहे परत आल्यावर.

पाण्याचा हिशेब घरच्या काट्यावर होतो. तासभर पळण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, वजन करा. एक किलो घटलं म्हणजे सुमारे एक लिटर घाम गेला. घट वजनाच्या दोन टक्क्यांच्या वर गेली तर पुढच्या वेळी जास्त प्या. वजन वाढलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात, आणि ते जास्त धोक्याचं : रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, बोटातली अंगठी घट्ट होते. तुमच्या मळमळीत याचाही हात असू शकतो. घरचं पेय : एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, वर लिंबू. चमचे चहाचे.

प्रश्न : मुंबई मॅरेथॉनच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ कसा काढायचा?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पावलं आखूड करून. किलोमीटरला वीस-तीस सेकंद गेले तर जाऊ द्या. फुलवाल्यांना हा चढ पाय रिकामे झाल्यावर भेटतो, म्हणून सराव ताज्या पायांवर करून भागत नाही. १५ किमी पळून झाल्यावर ठाण्यातल्या येऊरच्या चढाच्या रस्त्याला लागा. उतारावर मागे रेलू नका, मांड्या तिथे भरून येतात.

प्रश्न : शर्यतीआधी दुखू नये म्हणून गोळी घेतली तर?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : नको. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं आणि अंगातलं कमी झालेलं पाणी मिळून मूत्रपिंडावर ताण येतो.

प्रश्न : मित्राला जमत नाही, त्याचं बिब (छातीवर लावायचा शर्यतीचा नंबर) लावून पळू का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : पळू नका. तुम्ही वाटेत कोसळलात, तर डॉक्टर बिबवरून माणूस ओळखतात. त्यांच्या हाती मित्राचा रक्तगट लागेल आणि फोन त्याच्या घरी जाईल. स्वतःचं बिब मिळालं की मागची माहिती आदल्या रात्रीच बॉलपेनने भरा. शाईपेनचं लिहिलेलं घामाने पसरतं.