नवीन बेंच ड्रिल घेतलंय? आधी हे वाचा

मशीन आधी टेबलाला बोल्टने घट्ट आवळा. वरचं डोकं जड असतं, नुसतं ठेवलेलं मशीन कलंडतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जॉब (ज्याला भोक पाडायचं तो तुकडा) हातात धरून भोक पाडू नका, पातळ पत्रा तर कधीच नाही. बिट (भोक पाडणारा फिरता दांडा) पलीकडे निघतानाच अडकतं आणि पत्रा पात्यासारखा गरकन फिरतो. म्हणून तिथे हँडलवरचा दाब कमी करा आणि पत्र्याखाली लाकडी फळी ठेवा. जॉब पकडून ठेवायला व्हाइस (शिकंजा) किंवा क्लॅम्प लावाच. लांब पट्टी असेल तर तिचं लांब टोक कॉलमच्या (मशीनच्या मागच्या उभ्या खांबाच्या) डाव्या बाजूला ठेवा, म्हणजे क्लॅम्प सुटला तरी पट्टी कॉलमला अडते, तुमच्या पोटाला नाही.

हातमोजे घालू नका. ऐकायला उलटं वाटेल, पण फिरतं बिट मोज्याचा धागा पकडतं आणि बोटंही ओढतं. सैल बाह्या, मोकळे केस यांचंही तेच. सेफ्टी चष्मा मात्र हवाच. धातूचा कीस ब्रशने काढा, तोही मशीन थांबल्यावर.

स्पीडचा साधा हिशेब: बिट जाड, स्पीड कमी. माइल्ड स्टीलमध्ये (साध्या मऊ पोलादात) साध्या एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिटला १० मिमीसाठी साधारण ८०० आरपीएम, ३ मिमीसाठी २५०० च्या आसपास. स्पीड बदलायला मशीनचा पट्टा (बेल्ट) सरकवताना प्लग काढा. सेंटर पंच (टोकदार खिळ्यासारखं हत्यार) मारून खूण केल्याशिवाय बिट टेकवू नका, ते सरकतं.

आणि चकची (बिट पकडणाऱ्या भागाची) चावी! ती चकमधून निघाली की थेट खिशात, मगच स्विच.