स्पॅनिश मराठीच्या कानाने शीक

प्रिय विद्यार्थ्या,
सप्रेम आशीर्वाद.

वर्गातलं स्पॅनिश बहुधा इंग्रजीतून शिकवतात. शब्दांचे अर्थ तिथून घे, पण वाक्याची घडण मराठीशी ताडून बघ. 'मे गुस्ता एल काफे' हे थेट 'मला कॉफी आवडते' आहे. पुस्तकं म्हटलं की मराठीत 'आवडतात' होतं, तिकडे 'मे गुस्तान लोस लिब्रोस'. वहीत 'यो गुस्तो' ('यो' म्हणजे 'मी') उमटलं, की इंग्रजी मध्ये घुसली असं समज. आपण 'घर बघतो' म्हणतो, पण 'मारियाला बघतो'. स्पॅनिशमध्येही 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ मारीआ'. माणसाआधीचा हा 'आ' म्हणजे आपला 'ला'. परीक्षेत हमखास गळतो तो हाच.

उच्चारातही मराठी जीभ कामाला येते. त, द दातांनाच टेकव, ट-ड नको. 'एच' हे अक्षर लिहायचं, बोलायचं नाही. आघात मात्र नव्याने शिकावा लागेल: शब्दाच्या शेवटी स्वर, न किंवा स असेल तर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, नाहीतर शेवटच्या. नियम मोडतो तिथे स्वरावर तिरकी रेघ. ती गाळू नकोस. 'आब्लो'मध्ये 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो', रेघ देऊन 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'.

खरी पंचाईत 'सेर' आणि 'एस्तार'ची, कारण आपल्याकडे दोन्हींना एकच 'आहे'. 'एस्तोय आबुर्रीदो' म्हणजे 'मला कंटाळा आलाय'. 'सोय आबुर्रीदो' म्हणजे 'मी कंटाळवाणा आहे'! नियम घोकण्यापेक्षा अशा जोड्या लिहून काढ. नामही एकटं लिहू नकोस, 'ला मानो', 'एल दीआ', 'एल प्रोब्लेमा' असं लिंगासकट लिही ('ला' स्त्रीलिंगी, 'एल' पुल्लिंगी). 'ओ'चा शेवट बहुधा पुल्लिंगी, 'आ'चा स्त्रीलिंगी, पण या तिघांचे शेवट फसवे आहेत.

संस्कृती म्हणजे फक्त सणांची चित्रं नव्हेत, ती नावातही असते. कोलंबियाचे लेखक गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना नुसतं 'मार्केस' म्हणणं चूक. गार्सिया वडिलांकडचं आडनाव, मार्केस आईकडचं.

आणि पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना विचार, पुस्तक कुठल्या देशाचं स्पॅनिश शिकवतं? स्पेनमध्ये मित्रांच्या घोळक्याला 'बोसोत्रोस' म्हणतात, लॅटिन अमेरिकेत 'उस्तेदेस'. अर्जेंटिनात एकट्या मित्रालाही स्पॅनिशमधलं 'तू' नाही, 'बोस' म्हणतात.