विमानाने गोव्याला गळ टाकायला जायचंय. रॉड, रील, शिसं विमानात कसं न्यायचं?

(प्रश्न थोडक्यात: आम्ही बीडचे चौघं मित्र डिसेंबरात छत्रपती संभाजीनगरहून मुंबईमार्गे विमानाने गोव्याला जातोय. पाच दिवस किनाऱ्यावरून मासे धरायचे आहेत. नाथसागरावर (जायकवाडी धरणावर) वापरतो ते १२ फुटी, दोन तुकड्यांचे रॉड न्यायचे आहेत. विमानात घेतात का? मोडणार तर नाहीत ना?)

घेतात. मात्र रॉड, गळ, शिसं (दोरीला लावायचं वजन), सुरी, पक्कड हे सगळं चेक-इनमध्येच द्यायचं. हातातल्या बॅगेत यातलं काहीही ठेवलं तर सुरक्षा तपासणीत अडकणार. तिथल्या जवानाशी वाद घालून उपयोग नाही, शेवटचा शब्द त्याचाच असतो.

तुमची खरी अडचण परवानगीची नाही, लांबीची आहे. चेक-इनच्या नगाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून साधारण १५८ सेंटिमीटरच्या आत असावी, असा बहुतेक कंपन्यांचा नियम आहे. १२ फुटी रॉडचे दोन तुकडे म्हणजे एकेक तुकडा ६ फूट, १८३ सेंटिमीटरचा. नळीत घातल्यावर नुसती लांबीच १९० च्या पुढे जाते. असा नग 'ओव्हरसाइज' धरतात, त्याचे वेगळे पैसे पडतात आणि तो नेहमीच्या पट्ट्यावर जात नाही. त्याच मापाचा तीन तुकड्यांचा रॉड घेतला तर एक तुकडा ४ फुटांचा, म्हणजे १२२ सेंटिमीटर होतो. १३० सेंटिमीटरच्या ४ इंची नळीत तो बसतो आणि टोपणाजवळची १२ सेंटिमीटर जाडी रुंदी आणि उंची अशी दोनदा धरली तरी बेरीज १५४ होते. नियमात बसलं.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की नाथसागरावरचे दोन तुकड्यांचे रॉड घरीच ठेवा. गोव्यासाठी तीन तुकड्यांचा १२ फुटी एक जोड घ्या आणि उरलेल्या दोघांसाठी चार तुकड्यांचे ८ फुटी रॉड घ्या. ८ फुटी रॉडचा तुकडा २ फुटांचा असतो, तो मोठ्या सुटकेसमध्ये तिरका बसतो आणि वेगळी नळी लागत नाही. १२ फुटी रॉड लाटांच्या पलीकडे शिसं फेकायला आणि दोरी लाटांच्या वर उचलून धरायला हवा. ८ फुटी खाडीच्या तोंडाशी आणि खडकांवर लूर (माशासारखं दिसणारं खोटं आमिष) फेकायला हवा. एकाच रॉडने ही दोन्ही कामं नीट होत नाहीत. दुर्बिणीसारखा आत सरकणारा टेलिस्कोपिक रॉड मात्र घेऊ नका. बॅगेत तो छान मावतो, पण किनाऱ्यावरची वाळू सांध्यात शिरली की सांधे मिटत नाहीत, आणि जोर लावून मिटवायला गेलं की नळीला तडा जातो.

जुनाच रॉड न्यायचा असेल तर तिकीट काढल्यावर लगेच कंपनीला फोन करून लांबीचा नग नोंदवा. ऐनवेळी विमानतळावर भरलेले पैसे आधी नोंदवलेल्यापेक्षा जास्त असतात. प्रवासात कुठे छोटं एटीआर विमान लागत असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण त्याची सामानाची जागा लहान असते.

आता नळी. दुकानात मिळणारी तयार रॉड-ट्यूब चांगली असते, पण महाग. नळाच्या सामानाच्या दुकानातला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप तितकंच काम करतो. पातळ भिंतीचा घ्या. मीटरला साधारण एक-सव्वा किलो भरतो. जाड भिंतीचा पाण्याचा पाइप घेतला तर तिकिटावरच्या १५ किलोंतले तीन-चार किलो नुसत्या नळीत जातील. १३० सेंटिमीटरला कापा आणि कापलेली कड कानशीने घासून गुळगुळीत करा, नाहीतर रॉडवर कड्या बांधलेला दोरा तिथेच घासून सुटतो. एका टोकाला एंड कॅप सॉल्व्हंटने पक्की चिकटवा. दुसऱ्या टोकाची कॅप चिकटवायची नाही. ती नुसती बसवा, कॅप आणि पाइप यांतून आरपार एक भोक पाडा, त्यातून लांब बोल्ट घाला आणि हाताने फिरणारा विंग नट लावा. वरून चिकटपट्टीचे दोन वेढे पुरेत. दोन्ही टोकं चिकटवून टाकली आणि तपासणीला नळी उघडायची वेळ आली, तर ती करवतीने कापण्याशिवाय मार्ग राहणार नाही. कुलूपही लावू नका.

रॉड नळीत मोडतो तो बहुतेक वेळा वरून वजन पडल्यामुळे नाही, आतल्या आत सरकल्यामुळे. नळी उभी आपटली की आतला सगळा जुडगा खाली येतो आणि सगळ्यात बारीक भाग, म्हणजे शेंड्याचं टोक, आधी टेकतं. त्यामुळे भरताना शेंड्याचा तुकडा मुठीच्या तुकड्याला चिकटवून धरा आणि शेंडा मुठीच्या टोकापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आत राहील असा बांधा. धक्का बसला तर तो मुठीवर बसेल. दोरी ओवायच्या कड्या एकमेकींत अडकणार नाहीत अशा आलटून-पालटून ठेवा. कडीतली सिरॅमिकची चकती एकदा निसटली की दोरी त्या जागी कापली जाते. जुडगा तीन ठिकाणी वेल्क्रोने बांधा, पण कडीच्या बुडाशी आवळू नका. नळीच्या दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर जाड फोमची चकती टाका. मधली पोकळी टॉवेल, बनियन, मोजे यांनी भरून काढा, म्हणजे कपड्यांचीही सोय होते. मग नळी उभी धरून जोरात हलवा. खडखड आवाज आला तर अजून कपडे कोंबा. आवाज थांबेपर्यंत नळी तयार झाली असं समजू नका.

११० च्या नळीत १२ फुटी दोन रॉड आरामात बसतात. चौघांचे रॉड एकाच जाड नळीत घालू असा मोह होईल, पण १६० मिलिमीटरचा पाइप घेतला की १३० अधिक १६ अधिक १६, बेरीज १६२ होते आणि नग मापाबाहेर जातो. दोन नळ्या एकत्र बांधल्या तरी तीच गत. देशांतर्गत साध्या तिकिटावर बहुधा माणशी १५ किलोंचा एकच नग मिळतो, तुमच्या तिकिटावर तेवढं पाहून घ्या. मग वाटणी सोपी आहे: एकाच्या नावावर नळी, बाकीच्या तिघांच्या नावावर सुटकेस, आणि ज्याची नळी त्याचे कपडे त्या तिघांत आणि त्याच्या ७ किलोंच्या हातबॅगेत. काउंटरवर नळी ट्रेमध्ये ठेवायला सांगा, नुसती ठेवली तर पट्ट्यावरून घरंगळते. 'नाजूक वस्तू' म्हणून चिठ्ठीवर सही मागतील. त्या सहीने नुकसानीची कंपनीची जबाबदारी बरीच कमी होते, हे जाणून सही करा आणि नळी बंद करण्याआधी आतल्या रॉडचे फोटो काढून ठेवा.

रील मी चेक-इनच्या सुटकेसमध्येच ठेवायला सांगेन. बरेच जण महागाची वस्तू म्हणून हातबॅगेत नेतात आणि पुष्कळदा जाऊही देतात, पण रीलवरची शंभर-दोनशे मीटर मजबूत दोरी पाहून एखादा जवान अडवू शकतो. तेव्हा तुमची सुटकेस पुढे गेलेली असते आणि रील तिथेच सोडायची पाळी येते. स्पूल (दोरी गुंडाळलेला भाग) काढून वेगळा मोज्यात घाला, हँडल दुमडा, बेल (दोरी अडवणारी तारेची कमान) बंद करा, रील कपड्यांच्या मधोमध ठेवा. ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी सोडणारा रीलमधला ब्रेक, पूर्ण सैल करा. घट्ट ठेवला तर आतल्या चकत्या दाबलेल्या राहतात आणि पहिल्याच माशाला दोरी झटक्याने सुटते.

गळ आणि लूर यांची काळजी सामान उघडणाऱ्या माणसासाठीही घ्यायची आहे. तीनतोंडी गळ उघडे ठेवले आणि कुणी तपासणीला हात घातला तर थेट बोटात रुतेल. प्रत्येक तीनतोंडी गळावर फोमचा तुकडा खोचा किंवा टोपण लावा. लूरची पारदर्शक डबी घ्या, झाकणावर रबर लावा आणि ती सुटकेसमध्ये सगळ्यात वर ठेवा. डबीचं झाकण उघडलं तर एकेक लूर कपड्यांतून सोडवताना अर्धी सकाळ जाते.

शिसं मुळात नेऊच नका. १०० ग्रॅमची दहा वजनं म्हणजे एक किलो झाला. शिवाय एक्स-रेमध्ये शिशाचा आरपार काही न दिसणारा गडद गोळा दिसतो, त्यामुळे बॅग उघडण्याची शक्यता वाढते. म्हापसा, पणजी, मडगाव इथे गळाच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे ६० ते १२० ग्रॅमची शिसं घ्या. न्यायचीच असतील तर चार-पाच, पारदर्शक पिशवीत, लूरच्या डबीशेजारी. बॅग पट्ट्यावर गेली की लगेच आत पळू नका. काही दिसलं तर नाव पुकारून बोलावतात, दहा मिनिटं तिथेच थांबा.

बॅटरीचं उलटं आहे. पॉवर बँक आणि सुटे लिथियम सेल फक्त हातबॅगेत, चेक-इनमध्ये अजिबात नाही. मर्यादा १०० वॉट-अवर, म्हणजे २०,००० एमएएचची पॉवर बँक (साधारण ७४ वॉट-अवर) चालते. हेडलॅम्पही हातबॅगेत, सेल काढून. रीलसाठी गंज काढायचा स्प्रेचा डबा ज्वलनशील असतो, तो कुठेच चालत नाही. तेलाची छोटी बाटली घ्या. लायटर आणि कॅम्पिंगच्या गॅसची नळकांडी घरीच.

मुंबईला विमान बदलणार, तर दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. तसं असेल तर सामान संभाजीनगरलाच गोव्यापर्यंत टॅग होतं. वेगळी तिकिटं असतील तर मुंबईत नळी घ्या, परत द्या, कदाचित टर्मिनलही बदला, आणि हे सगळं लांब नळी खांद्यावर घेऊन. टॅगवरची अक्षरं काउंटरवरच वाचा: गोव्यातल्या दोन विमानतळांपैकी दाबोळीला जीओआय, मोपाला जीओएक्स. विमानतळ आधी ठरवताना हॉटेल पाहू नका, किनारा पाहा. केरीला तेरेखोल नदीच्या तोंडाशी गळ टाकायचा असेल तर मोपा जवळ. साळ नदीचं मुख असलेलं बेतुल किंवा तळपण गाठायचं असेल तर दाबोळी. नदीच्या मुखाशी गोडं आणि खारं पाणी मिसळतं, तिथे मोकळ्या किनाऱ्यापेक्षा मासा जास्त फिरतो. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबागला डिसेंबरात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, तिथे रात्री दिवे घेऊन गळ टाकायला बसू नका.

धरणावर आणि समुद्रावर एक मोठा फरक आहे, त्यावरून सामान ठरवा. कणकेचा गोळा समुद्रात चालत नाही, लाट तो लगेच धुऊन नेते. आमिष म्हणून कोळंबी, तारली किंवा माकूल तिथल्याच बाजारात रोज ताजं घ्या. ब्रेडेड (विणलेल्या) दोरीपुढे ४०-५० पौंडाचा जाड लीडर (गळाआधीचा मजबूत दोरीचा तुकडा) हवा, कारण वाळू आणि कालवं दोरी घासून काढतात. लांब तोंडाची पक्कड विसरू नका. शिंगाळ्याचे काटे आणि पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी असतो, त्यांचा गळ हाताने सोडवायचा नाही. पाण्यात उतरलात तर पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत चाला, म्हणजे वाळूत दबून बसलेला पाकट आधीच निघून जातो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, ती पाहूनच किनाऱ्यावर जा. जिथे लोक पोहतात तिथे १०० ग्रॅमचं शिसं फेकू नका.

बीडहून चिकलठाणा विमानतळापर्यंतचा रस्ताही प्रवासातच धरा. रॉडचे शेंडे विमानात मोडतात त्यापेक्षा गाडीच्या दारात जास्त मोडतात, म्हणून घरातून निघतानाच नळी बंद करा.

येताना रील नळाच्या हलक्या धारेखाली धुवा, जोराचा फवारा मारू नका, त्याने मीठ आत ढकललं जातं. धुताना ड्रॅग घट्ट, वाळताना सैल. लूरची डबी उघडी ठेवून रात्रभर वाळू द्या, ओली बंद केली तर बीडला पोचेपर्यंत तीनतोंडी गळ एकमेकांना गंजाने चिकटलेले असतील. नळीत आता ओले टॉवेल कोंबू नका, कोरडे कपडेच घाला. मासा घरी न्यायचा असेल तर कंपनीला आधी विचारा. कोरडा बर्फ माणशी अडीच किलोपर्यंतच, तोही कंपनीची परवानगी घेऊन चालतो. साध्या बर्फाचं पाणी गळलं तर नग परत करतात. सुके बोंबील आणि सुकट मात्र दोन पिशव्यांत घट्ट बांधून चेक-इनमध्ये द्या, आणि ती पिशवी रॉडच्या नळीपासून लांब ठेवा.