‘सदस्य गळतायत, सगळं मलाच करावं लागतं, राजीनामा देऊ का?’

अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांची स्थानिक शाखा चालवणारे समुपदेशनाला येतात, तेव्हा गाऱ्हाणं बहुधा हेच असतं. पुण्यातल्या एक पॉवर इलेक्ट्रॉनिक्स अभियंता आय-ट्रिपल-ई (IEEE) या विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स अभियंत्यांच्या संस्थेच्या एका चॅप्टरच्या, म्हणजे विषयवार स्थानिक शाखेच्या, अध्यक्ष होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नोकरी, बारावीतला मुलगा आणि रात्री अकरानंतर चॅप्टरचे ईमेल. घरचे म्हणायचे, ‘याचा पगार कोण देतंय?’ उत्तर नसल्याने त्या चिडायच्या.

राजीनाम्याचा विषय बाजूला ठेवून त्यांना दोन आठवड्यांची नोंद ठेवायला सांगितली: कोणतं काम, किती वेळ, आणि ते दुसऱ्या कुणाला जमलं असतं का. वहीत निघालं ते असं: फ्लेक्सचं प्रूफ तीनदा तपासणं, स्मृतिचिन्हांची ऑर्डर, पाहुण्यांची ने-आण. आधीच्या व्याख्यानात स्वागत, दीपप्रज्वलन, परिचय, सत्कार आणि मनोगतं यांतच पाऊण तास गेला होता; वक्त्याच्या वाट्याला पंचवीस मिनिटं आली. चाकणहून शिफ्ट संपवून, ट्रॅफिक तुडवत गॅलियम नायट्राइड या अर्धवाहकाच्या कन्व्हर्टरबद्दल (वीज रूपांतरित करणाऱ्या उपकरणाबद्दल) ऐकायला आलेला तरुण पुढच्या वेळी कशाला येईल? हा प्रश्न त्यांनीच विचारला, आणि तिथून कामाला सुरुवात झाली.

महिन्याला एक कार्यक्रम हा दंडक त्यांनी स्वतःच घालून घेतला होता. संस्थेची अपेक्षा वर्षाला किमान दोन तांत्रिक सभांची आहे. त्यांनी चार ठरवल्या. सत्कार बंद, परिचय दोन मिनिटांत, व्याख्यान पन्नास मिनिटं आणि प्रश्नोत्तरांना मोकळा वेळ. दोघा ज्येष्ठांना शाल न मिळाल्याचा राग आला. तो राग येऊ द्यायचा, हेही शिकावं लागलं.

दुसरी गाठ मदतीची. ‘स्वयंसेवक हवेत’ असा ईमेल सगळ्यांना टाकायचा आणि कुणी पुढे आलं नाही की ‘लोकांना पडलेलीच नाही’ म्हणायचं, असं चाललं होतं. शंभर जणांना विचारलेलं काम प्रत्येकाला दुसऱ्याचं वाटतं. म्हणून फोन करायचा, एकाच माणसाला, आणि काम मोजून द्यायचं: ‘शनिवारी साडेपाचला येऊन प्रोजेक्टर आणि माइक तपासाल का? अर्ध्या तासाचं काम आहे.’ नकार आला तर मान्य करायचा. होकार आला तर मध्ये नाक खुपसायचं नाही. त्यांना हेच सर्वांत जड गेलं. एकाने पोस्टरचा रंग भलताच निवडला. तो तसाच राहू दिला.

सदस्यगळतीची कारणं मात्र साधी निघाली. सदस्यत्वाचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. वर्गणी भरली नाही तर साधारण फेब्रुवारीअखेर नाव निष्क्रिय होतं. अध्यक्षबाई मार्चमध्ये यादी बघून हळहळायच्या. फोन नोव्हेंबर ते जानेवारीत व्हायला हवेत. विद्यार्थ्यांची गंमत वेगळीच. त्यांचं खातं कॉलेजच्या ईमेलवर उघडलेलं असतं. पदवीनंतर तो पत्ता बंद पडतो आणि नूतनीकरणाच्या सूचना वाऱ्यावर जातात. परीक्षेआधी, एप्रिलमध्येच, शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकत्र बसवून खात्यात वैयक्तिक ईमेल टाकून घेतला, तर निदान सूचना तरी पोचतात. डॉलरमधली वर्गणी जड जाते त्यांना सवलतींची माहिती द्यावी: नवे पदवीधर, बेरोजगार, कमी उत्पन्नाचे.

अनुभवी सदस्यांसाठी सीनियर मेंबर श्रेणी आहे. अनेक जण तिला पुरस्कार समजतात आणि अर्जच करत नाहीत. अट दहा वर्षांच्या व्यावसायिक अनुभवाची. त्यातली पाच वर्षं उल्लेखनीय कामाची. शिक्षणाची वर्षंही धरली जातात: पदवीची तीन, पदव्युत्तर असेल तर एकूण चार, पीएच.डी. असेल तर एकूण पाच. अर्जाला वेगळं शुल्क नाही. घोडं अडतं ते तीन शिफारशींवर, कारण शिफारस करणारे सीनियर मेंबर किंवा फेलो (त्याहून वरच्या श्रेणीचे सदस्य) लागतात. लॅपटॉप घेऊन सगळ्यांना एका संध्याकाळी एकत्र बसवलं, शिफारस करणाऱ्यांनाही बोलावलं, की हे काम सुटतं. व्याख्यानांना कधी न फिरकलेले लोक अशा संध्याकाळी येतात.

घरचं भांडण बैठकांच्या वेळांवरूनही होतं. न्यू जर्सीतल्या कार्यालयाची सकाळी नऊची बैठक आपल्याकडे संध्याकाळी साडेसहाला येते, हिवाळ्यात साडेसातला. नेमकी स्वयंपाकाच्या आणि मुलाच्या अभ्यासाच्या वेळी. त्यांनी सचिवांबरोबर पाळी लावली: एका बैठकीला एकाने बसायचं आणि दुसऱ्याला पाच ओळी लिहून पाठवायच्या.

राजीनामा दिला नाही. मुदत संपेपर्यंत सदस्यसंख्या फारशी वाढली नव्हती, याची खंत त्यांना होती आणि ती खोटी नव्हती. पण पुढच्या निवडणुकीला अध्यक्षपदासाठी दोन नावं होती, आधी एकही नसायचं. निवडून आलेल्याला त्यांनी वर्गणीच्या तारखा, सभागृहाच्या माणसाचा नंबर, खात्यांचे पासवर्ड आणि फोन करायच्या सदस्यांची यादी एका फाइलमध्ये दिली. पहिले दोन महिने त्याने विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, असं दोघांत ठरलं.