टॉमबॉयमधला हा टॉम नेमका कोण?

प्रश्न : ताई, माझी मुलगी सातवीत आहे, आम्ही मानेवाड्याला राहतो. केस बारीक, दिवसभर पोट्ट्यांसोबत क्रिकेट, संक्रांतीला तर जेवायलाही गच्चीवरून खाली येत नाही, 'ओ काट' ओरडून ओरडून आवाज बसवून घेते. परवा एका वास्तुशांतीला गेलो होतो तर आमच्या जाऊबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'हे आमचं टॉमबॉय!' सगळे हसले, पोरगी पण हसली. रात्री झोपताना मात्र विचारते, आई, टॉमबॉय म्हणजे चांगलं की वाईट? मी म्हटलं चांगलंच असेल, पण खरं सांगू, मलाच माहीत नाही. मिस्टर म्हणतात टॉमकॅटवरून आलाय, म्हणजे बोक्यासारखी. खरं आहे का हे? – एक आई

उत्तर : आधी मिस्टरांचं बघू, ते सोपं आहे. बोक्याचा काही संबंध नाही. १७६० साली इंग्लंडमध्ये एका बोक्याच्या आयुष्यावर पुस्तक निघालं, त्या बोक्याचं नाव टॉम, आणि ते पुस्तक एवढं चाललं की पुढे बोका म्हणजे टॉम असंच होऊन गेलं. त्याआधी इंग्रजीत बोक्याला गिब म्हणायचे. टॉमबॉय हा शब्द १५५०च्या आसपासचा, म्हणजे बोका दोनशे वर्षं उशिरा आला. सांगा मिस्टरांना.

मग टॉम कोण? तर टॉम म्हणजे थॉमस, लाडाचं नाव. थॉमस मुळात अरामी भाषेतला, अर्थ 'जुळा'. पण इंग्लंडमध्ये हे नाव इतक्या घरांत झालं की टॉम म्हणजे कोणीही, आपला सोम्या-गोम्या. आपण म्हणतो ना, 'कोणीही सोम्या-गोम्या येतो अन् सल्ला देतो', तिकडे टॉम, डिक आणि हॅरी येतात. येड्याला टॉमफूल, ब्रिटिश सैनिकाला टॉमी, म्हणजे आपल्या कामठीच्या छावणीत जे गोरे सोल्जर होते ते पण टॉमीच. आणि आपल्या पेपरात 'लोखंडी टॉमीने मारहाण' अशी बातमी येते ना, ट्रकवाल्याकडचा तो दांडा, त्याच्यातही हाच टॉम बसलाय. आपल्याकडे मात्र टॉमी म्हटलं की गल्लीतला कुत्रा, ते सोडा.

आता खरी गंमत. टॉमबॉय म्हणजे सुरुवातीला मुलगी नव्हतीच, मुलगाच होता! दांडगट, धसमुसळा, मोठ्यांना न जुमानणारा पोट्टा. टॉम म्हणजे पुरुष, वरून बॉय, म्हणजे डबल मुलगा झाला तो, मुलग्यावर मुलगा. १५५०च्या दशकातल्या एका इंग्रजी विनोदी नाटकात तो या अर्थाने सापडतो, तिथे 'टॉमबॉयसारखं उंडारत फिरण्यातच तुला मजा वाटते का' असं बोलणं खावं लागतं. मग पंचवीस-तीस वर्षांत शब्द बाईवर गेला आणि तिच्यावर गेल्या गेल्या घाण झाला. १५७९ च्या सुमारास टॉमबॉय म्हणजे निर्लज्ज, धीट बाई. शेक्सपियरच्या सिम्बेलिन नाटकात तर पैसे देऊन आणलेल्या बायकांसाठी हा शब्द आहे, म्हणजे सरळ सरळ शिवी. आणि त्याच काळात, १५९०च्या आसपास, तिसरा अर्थ निघाला, मुलग्यासारखी हुंदडणारी मुलगी, आणि शेवटी तोच टिकला. दांडगा मुलगा म्हटलं की थोडं रागावून सोडून देतात, तीच दांडगाई बाईने केली की ती बाजारबसवी, आणि लहान मुलीने केली तर हसायचं. चाळीस-पन्नास वर्षांत एका शब्दाने सगळा समाज दाखवला बघा.

पुढे एकोणिसाव्या शतकात शब्दाला जरा बरे दिवस आले. शार्लट यंग नावाच्या लेखिकेने १८७६ मध्ये लिहून ठेवलंय की टॉमबॉयपणा म्हणजे सुसाट पळणं, झाडावर चढणं, होडी वल्हवणं, मातीचे गोळे करणं यातला निरोगी आनंद. तेव्हा अमेरिकेतही काही शहाणे लोक सांगायला लागले होते की मुलींना मोकळं पळू द्या, घट्ट कपड्यांत आवळू नका. का तर पुढे तब्येतीने चांगल्या आया होतील म्हणून! म्हणजे पळ बाई, पण शेवट पाळण्यापाशीच.

हे वाचलं की मला माझी आजी आठवते. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहायचो. दादाची बावीस इंची सायकल मी कैची मारून चालवायची, म्हणजे दांड्याखालून एक पाय पलीकडे घालायचा, एका हाताने सीट बगलेत धरायची अन् अर्धे अर्धे पॅडल मारत वाकडं वाकडं जायचं, फ्रॉकचा घेर चेनमध्ये अडकून काळा व्हायचा तो वेगळाच. नडगीवरचा वण अजून आहे. आजी ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, 'आमची पोट्टी नाही बाप्पा, पोट्टा हाय पोट्टा!' केवढं कौतुक. आणि मी आठवीत गेल्यावर एक दिवस तीच आजी म्हणाली, 'पुरे झालं आता, काहून फिरून राहिली पोट्ट्यावानी?' सायकल आत गेली. मी तीच, आजी तीच, शब्द पण तोच.

म्हणून तुमच्या मुलीला काय सांगायचं, तर असं की शब्द वाईट नाही, आज तर अर्धं कौतुकच आहे त्यात, पण तो तुझ्याबद्दल कमी अन् म्हणणाऱ्याबद्दल जास्त सांगतो. तिला आवडत असेल तर राहू द्या. नसेल आवडत तर जाऊबाईंना बाजूला घेऊन शांतपणे सांगा, सगळ्यांसमोर नको. आणि आठवीत गेल्यावर तिची गच्ची बंद करू नका एवढंच.

प्रश्न : मी हिंगण्याला कॉलेजात आहे, स्वतःला टॉमबॉयच म्हणते. पण याला मराठीत शब्दच नाही का?

उत्तर : शब्द ढीगभर आहेत गं, पण धड एकही नाही. धसमुसळी, दांडगी, उंडगी, सगळे रागावायचे. 'मर्दानी' म्हटलं तर एकदम घोड्यावर बसून तलवार काढावी लागते. 'गावभवानी' तर कहरच, देवीचं नाव घेतलं अन् त्याची शिवी केली. मला विचारशील तर आपला 'पोट्टा' बरा, आजीवाला, कौतुकाचा. नाहीतरी आपल्याकडे आई लेकीला 'काय रे राजा, जेवलास का' म्हणतेच, अन् माझी आजी स्वतः 'मी येतो' म्हणायची, तिला कोणी टॉमबॉय नाही म्हटलं. इंग्रजीचं पण तसंच होतं, १३०० च्या आसपास गर्ल म्हणजे कोणतंही मूल, मुलगा असो की मुलगी. आपलं 'पोरगं' तरी अजून तसंच आहे.

प्रश्न : अशा मुली पुढे जाऊन 'तशा' निघतात का? भाचीची काळजी वाटते. – एक मावशी

उत्तर : 'तशा' म्हणजे मुलींवर प्रेम करणाऱ्या, असंच ना? काही असतात, पुष्कळ नसतात, आणि वेण्या घालून भरतनाट्यम करणाऱ्या मुलींचंही तसंच आहे. पॅन्ट घालणं अन् कबड्डी खेळणं यावरून कोण कोणावर प्रेम करेल ते कळत नाही. थायलंडमध्ये मात्र या शब्दाचं वेगळंच झालं, तिथे टॉमबॉयमधला 'टॉम' तेवढा उचलला, अन् तो पुरुषी राहणीच्या, मुलीवर प्रेम करणाऱ्या मुलीला म्हणतात, तिच्या जोडीदारणीला 'दी', म्हणजे लेडीमधला शेवटचा तुकडा. पण ते तिकडचं. भाचीची काळजी करायचीच असेल तर तिच्या गाडीचा ब्रेक अन् हेल्मेट बघा.

प्रश्न : ताई, बॉयकट म्हणजेच बॉबकट ना? पार्लरवालीशी वाद झाला.

उत्तर : पार्लरवाली बरोबर असणार. बॉयकटमध्ये कान उघडे पडतात, बॉबकट कानाखाली सरळ कापलेला असतो. आणि हा बॉब आपल्या टॉमचा भाऊ नाही हं, शेपूट छाटलेल्या घोड्याच्या आखूड शेपटीला बॉब म्हणायचे, तिथून तो आलाय. पुढच्या वेळी फोटोच दाखवा तिला.